जुन्या खात्याला हात लावताना

कुही येथे नात्यातील एका साखरपुड्याच्या पंगतीत मी २० वर्षांपूर्वीच्या वाटणीचा विषय काढला. माझे म्हणणे खोटे नव्हते; परंतु थोरले चुलतबंधू ताटावरून उठले आणि वधूपित्याचा चेहरा उतरला.

बँकेत माझी हयात जुनी खाती हाताळण्यात गेली. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसनवारीच्या वसुलीस सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे जुने खाते पुन्हा जिवंत होते ते समोरच्याच्या सहीने. आपण आवाज चढविल्याने नव्हे.

धर्माची मुदत तर याहून कडक. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण हे मनातील बाकी मिटविण्याचेच टप्पे होत. वर्ष उलटूनही न शमणाऱ्या क्रोधाला शास्त्रकार अनंतानुबंधी म्हणतात.

जुना विषय कधीच काढू नये, असे नाही. नवा कागद हाती आला किंवा आपलीच चूक उमगली, तर अवश्य काढावा; पण आधी विचारून, एकांतात आणि ज्याचा विषय त्याच्यासमोर.

संवत्सरीला मी बंधूंकडे गेलो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून पायांना हात लावला. वाटणीबद्दल अवाक्षर काढले नाही. निघताना त्यांनीच विचारले, “तो वाटणीचा कागद आहे का रे तुझ्याकडे? सवडीने घेऊन ये. दोघे मिळून वाचू.”