साठ दिवसांची मुदत

अमेरिकेतला मुलगा म्हटला की आमच्या निपाणीकडे लोकांना डॉलर दिसतात. त्यामागचा कागद कुणाला दिसत नाही. एच-वन-बी व्हिसाचा पासपोर्टवरचा शिक्का दारातून आत येण्यापुरता. आत राहणे नोकरी देणाऱ्या कंपनीच्या अर्जाशी बांधलेले.

२०२३ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. २०१७ पासूनच्या नियमाने अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची मुदत आधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्या मुदतीत नव्या कंपनीने आपल्यासाठी अर्ज करायचा, नाहीतर दुसरी कायदेशीर वाट शोधायची किंवा गाशा गुंडाळायचा. मुलगी तेव्हा दुसरीत होती. घरात कॅलेंडरकडे कुणी मोठ्याने पाहत नसे.

वडील कानडी उतारे आणि मराठी पत्रे एकाच पत्र्याच्या पेटीत तारखेवार ठेवत. त्याच सवयीने मी पगारपत्रके, मंजुरीची पत्रे, आय-९४ लावून ठेवले होते. नव्या कंपनीच्या वकिलाने मागितले ते तासाभरात दिले. ५१ व्या दिवशी अर्ज दाखल झाला. २००० सालच्या कायद्यामुळे मंजुरीसाठी थांबावे लागले नाही. लगेच कामावर रुजू झालो.

स्वखुशीने नोकरी बदलणाऱ्या आपल्या मुलांना एवढेच सांगतो : नव्या अर्जाची सरकारी पोच हाती आल्यावरच जुन्या साहेबाकडे राजीनामा द्या. तोंडी होकारावर विसंबू नका. शेतसारा भरल्यावर वडीलही पावती घेतल्याशिवाय चावडीची पायरी उतरत नसत.