कारण गेलं, मत राहिलं

तिन्हीसांजेला केर काढू नये, असं आमच्याकडे अजून मानतात. का, असं विचारलं की थोरली माणसं सांगत, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात एखादा मोती, एखादा मणी केराबरोबर जायचा. आता घरात लख्ख ट्यूबलाइट आहे; तरी त्या वेळेला केरसुणी उचलताना हात अडखळतो. कारण केव्हाच गेलं, मत ठाण मांडून बसलंय.

संगणकाचं असं होऊ नये, यासाठी एमआयटीतल्या जॉन डॉइल यांनी १९७९ साली एक व्यवस्था मांडली. तिच्यात प्रत्येक समजुतीपाशी तिचं कारण नोंदलेलं असतं. समजा, अमुक एक पक्षी आहे आणि तो उडत नाही असं कुठे कळलेलं नाही. म्हणून तो उडतो, असं धरून चालायचं. पुढे तो पेंग्विन निघाला, की ‘उडतो’ बाद, आणि त्याच्या आधाराने धरलेलं बाकीचंही बाद. पुसलं मात्र काहीच जात नाही. पेंग्विनची बातमीच खोटी ठरली, तर जुनी समजूत पुन्हा लागू होते.

माणसाच्या डोक्यात अशी वही नसते. १९७५ साली ली रॉस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना आत्महत्येपूर्वीच्या चिठ्ठ्या दाखवून खरी कोणती, बनावट कोणती ते ओळखायला लावलं. काहींना सांगितलं, तुम्हाला हे छान जमतं. काहींना सांगितलं, जमत नाही. मग खुलासा केला, की हे निकाल आधीच ठरवलेले होते, तुमच्या उत्तरांशी त्यांचा संबंधच नव्हता. तरीही कौतुक झालेले स्वतःला त्यात हुशार समजत राहिले, आणि बाकीचे कच्चे.

गिल्बर्ट हार्मन या तत्त्वज्ञाचं म्हणणं, की सगळी कारणं जपायची तर मन नोंदींनीच भरून जाईल. ती विसरण्यात मूर्खपणा नाही. ते पटतं. पृथ्वी गोल असल्याचं मला कोणत्या इयत्तेत कळलं, हे आठवून काय करायचं?

पण ‘तो माणूस काही खरा नाही’ हे मत वेगळं. ते कुणाकडून आलं? सांगणाऱ्याने नंतर शब्द मागेही घेतला असेल. आपल्याकडे तो खुलासा पोचला तरी मत हललं नसेल. तेव्हा माणसांपुरती तरी वही ठेवावी. आणि कारणाचा रकाना कोरा दिसला, तर ते मत निदान तिसऱ्याच्या कानी घालू नये.