डिलीटचं बटण आणि बाजारबुणगे

'एज ऑफ एम्पायर्स टू' हा गेम १९९९ साली आला. म्हणजे तो आणि मी जवळपास एकाच वयाचे! हॉस्टेलच्या लॅनवर त्याने आमच्या किती रात्री खाल्ल्या याचा हिशोब न मांडलेलाच बरा. २०१९ मध्ये त्याची नवी, देखणी आवृत्ती आली आणि उरलेसुरले वीकएंडही गेले.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं एक गाव असतं. गावकरी शेती करतात, लाकूड तोडतात, सोनं खणतात. एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं. चिलखती घोडेस्वार हवा असेल तर ६० अन्न आणि ७५ सोनं मोजा. फौज जमली की शेजाऱ्याच्या तटावर चालून जायचं. बस्स.

आता यातली मेख बघा. ते ६० अन्न तुम्ही एकदाच देता. त्यानंतर हा गडी गेम संपेपर्यंत जेवत नाही! त्याचा घोडा चारा खात नाही. त्याला नकाशाच्या दुसऱ्या टोकाला तासभर उभा करून ठेवा, पोटातून आवाज यायचा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा वन टाइम कॉस्ट, मेंटेनन्स शून्य.

दुसरी मेख याहून भारी आहे. नेहमीच्या खेळात लोकसंख्येला मर्यादा असते, २०० माणसांची. शेवटी शेवटी ती भरते आणि आणखी सैनिक काढता येत नाहीत. मग मुरलेला खेळाडू काय करतो? शेतात राबणारे वीस-पंचवीस गावकरी निवडतो आणि डिलीटचं बटण दाबतो. ते जागच्या जागी आडवे होतात, मोकळ्या जागेत घोडेस्वार येतात. आम्ही सगळेच हे करायचो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. ऑफिसात आपल्यालाही रिसोर्सच म्हणतात, त्यामुळे सवय असावी :)

हे बटण मला खऱ्या अर्थाने खुपलं ते पानिपतावर वाचताना.

मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब दक्षिणेतून निघाले. ऑक्टोबरात त्यांनी कुंजपुरा जिंकला, धान्य हाती आलं. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे जवळपास अडीच महिने, दोन्ही फौजा समोरासमोर. अब्दालीची रसद तोडायची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती. डिसेंबरात तेच मारले गेले. मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने फौज बाहेर पडली.

आता आपण लहानपणापासून ऐकतो ते वाक्य: बाजारबुणग्यांनी घात केला. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे कितीतरी जास्त होते, हे खरंच आहे. बायकामुलं होती, उत्तरेतल्या तीर्थांना निघालेले यात्रेकरू होते. खाणारी तोंडं वाढली, वेग मंदावला. गेमच्या हिशोबाने बघितलं तर उत्तर सोपं आहे. निवडा आणि डिलीट.

पण 'बाजारबुणगे' या शब्दातला 'बाजार' कधी नीट ऐकलाय? त्या काळच्या फौजेत सरकार शिपायाला रोज शिजवून वाढत नसे. तो छावणीच्या बाजारातून धान्य विकत घ्यायचा. तो बाजार चालवणारा वाणी, नाल ठोकणारा लोहार, घोड्यासाठी गवत कापून आणणारा, ओझी वाहणारा, ही सगळी मंडळी म्हणजे बुणगे. म्हणजे ज्यांना आपण रसदीवरचा भार म्हणतो, त्यांच्यातले बरेच लोक म्हणजेच रसद होती! गेममधला गावकरी मागे गावात राहतो. इथे गाव फौजेबरोबर चालत होतं.

आणि भाऊंकडे डिलीटचं बटण नव्हतं. शेवटच्या दिवशीचा बेत होता गोलाच्या लढाईचा: बुणगे आणि बायकामुलं मधे, भोवती लढाऊ फौज, आणि तसंच यमुनेच्या, पर्यायाने दिल्लीच्या दिशेने सरकत जायचं. तो शेवटपर्यंत टिकला नाही, त्याची कारणं इतिहासकार अजून मांडतातच. पण न लढणाऱ्यांना वाऱ्यावर सोडून निसटायचं नाही, हे त्या बेतात गृहीत होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

सगळेच गेम पोटाकडे काणाडोळा करतात असं नाही हं. २०११ चा 'युनिटी ऑफ कमांड' जवळपास सगळा रसदीवरच उभा आहे. विषय स्टालिनग्राडची मोहीम. रेल्वेपासून तुटलेली तुकडी बघता बघता निकामी होते. प्रत्यक्षातही तेच झालं. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांचं सहावं सैन्य वेढलं गेलं, अडीच लाखांहून जास्त माणसं. तगून राहायला दिवसाला किमान ३०० टन सामान हवं होतं. विमानांनी सरासरी पोचलं शंभर टनांच्या आसपास. २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत सगळं संपलं. हे गणित गेम फार छान शिकवतो. पण त्या शहरात तळघरांत राहिलेले नागरिक? त्यांना त्या नकाशावर जागाच नाही. इथे तर डिलीटही करावं लागत नाही, ते आधीच केलेलं असतं.

म्हणून गेम वाईट असं मी म्हणणार नाही. अहो, गोविंदपंतांचं काम किती मोलाचं होतं हे मला गेममध्ये रसद तोडून तोडूनच कळलं. फक्त एक लक्षात ठेवावं. कुठलंही मॉडेल बनवताना काहीतरी गाळावंच लागतं, हे आपल्या धंद्यात रोज चालतं. पण काय गाळलं हे विसरलं, की हळूहळू ते कधी नव्हतंच असं वाटायला लागतं. मग आपण पानिपतावर गप्पा मारताना सहज म्हणून जातो, "बुणग्यांना मागे टाकायला हवं होतं." कुठे मागे टाकणार? डिसेंबरच्या थंडीत, शत्रूच्या मुलखात?

असो. गेम सुरूच आहे, रविवारी परत बसणारच. लोकसंख्या २०० झाली की काय करायचं ते तेव्हा बघू.