उन्हात ठेवलेले सेल

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्हा चौघांना एकच गोष्ट आठवली आणि ती फारशी अभिमानाची नव्हती. आम्ही चौघेही याच वसतिगृहात वाढलो, पुढे बोईसरला स्थायिक झालो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील निरनिराळ्या रासायनिक कारखान्यांत नोकरीला लागलो. गेली काही वर्षे महिन्यातील एका रविवारी आम्ही गाडीने पालघरला येतो व शाळेतील मुलांसमवेत थर्माकोलची छोटी विमाने बांधून उडवतो. चिंचणीचा किनारा आम्हाला अधिक जवळचा. पण अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात असे काही उडवणे कायद्याला धरून नाही. म्हणून भातकापणी झाली की शाळेमागची खाचरे हेच आमचे विमानतळ. या उपक्रमाचे कौतुक शाळेने वेळोवेळी केले आहे. त्याच उपक्रमामुळे वसतिगृहावर जो प्रसंग येता येता टळला, त्याची नोंद मात्र कोठे झालेली नाही. ती येथे करीत आहोत.

आम्ही वसतिगृहात होतो तेव्हा प्रत्येकाच्या पत्र्याच्या पेटीत एक टॉर्च असे. तिचे सेल संपले की ते कोणी टाकून देत नसे. रविवारी सकाळी कपडे वाळत घालतानाच ते सेलही गच्चीच्या कठड्यावर ओळीने उन्हात ठेवले जात. उन्हाने तापले की त्यांत पुन्हा थोडा जीव येई आणि आणखी दोन रात्री निभावत. जस्त व कार्बनचे ते सेल फारतर पाझरत, पेटीतील वह्यांना काळपट डाग पडत, एवढेच. संपलेल्या वस्तूतून आणखी थोडे काही मिळवावे, ही शिकवण आम्ही गच्चीवर घेतली आणि ती आजही आमच्या हाडात आहे.

विमानाची बॅटरी मात्र या जातीची नाही. तिला लिथियम पॉलिमर म्हणतात. तिला पत्र्याचे कवच नसते. मसाल्याच्या पाकिटासारख्या चकचकीत पाउचात घड्या घातलेले थर असतात. त्या थरांमध्ये जे द्रावण भिजवलेले असते, ते आमच्या ओळखीचे सेंद्रिय द्रावक, आणि ते पेट घेते. कारखान्यात द्रावकाचा एक ड्रम हलवायचा तर आम्ही आधी अर्थिंग तपासतो, परवाना लिहितो, दोघांच्या सह्या घेतो. घरी मात्र तोच पदार्थ आम्ही पलंगावर, उशीशेजारी ठेवून चार्जिंगला लावीत होतो. आज हे लिहिताना लाज वाटते. त्या वेळी ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

पहिला इशारा बोईसरला, आमच्यापैकी एकाच्या घरी मिळाला. दुपारी विमान बांधावर आपटले होते. बॅटरीच्या एका कोपऱ्याला चेप आला होता, पण पंखा फिरत होता म्हणून आम्ही ती चांगली समजलो. अशा बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे तिघांचे मिळून १२.६. चार्जरला दोन जोडण्या असतात: एक जाड तारांची, वीज भरणारी, दुसरी पांढऱ्या टोकाची, बारीक तारांची, प्रत्येक सेल वेगळा मोजून तिघांना समान राखणारी. त्या रात्री पांढरे टोक सैल झाले होते, म्हणून ते न लावताच चार्जिंग सुरू केले. मग चार्जरला दिसते ती केवळ बेरीज. दोन सेल ४.१ वर आणि दुखावलेला तिसरा ४.४ वर गेला, तरी बेरीज १२.६ च येते आणि चार्जरच्या दृष्टीने सारे आलबेल असते. सकाळची पाळी होती, म्हणून घरचे सगळे झोपले.

जाग आली ती वासाने. गोडसर, नेलपॉलिशसारखा तो वास कारखान्यातील माणसाला झोपेतही ओळखता येतो. त्याने प्रथम मेन स्विच पाडला, मुलांना गॅलरीत ढकलले आणि मागे वळेपर्यंत फुगलेले पाउच फुटून ज्वाला निघाली होती. खुर्ची वितळली, पडद्याचा एक पन्हा गेला, भिंत छतापर्यंत काळी झाली. एवढ्याशा, मुठीत मावणाऱ्या वस्तूचा धूर दोन खोल्यांत भरला. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडही असते, हे सांगायला आम्हाला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. दैव एवढेच की बॅटरी त्या रात्री पलंगाऐवजी फरशीवर होती.

यानंतर तरी आम्ही सावध व्हायला हवे होते. झालोही, पण स्वतःच्या घरापुरते. जळालेल्या बॅटरीबरोबरच घेतलेली तिची जोडीदार थोडी फुगली होती. ती टाकवेना, कारण लॅमिंग्टन रोडवरून खटपटीने आणलेली वस्तू. आणि कचऱ्यात टाकणेही बरोबर नव्हते. तेव्हा आम्ही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात, खालच्या फळीवर ठेवली. पुढच्या फेरीला काहीतरी करू, असे म्हणून. पुढच्या दोन फेऱ्या आम्ही ती विसरलो.

एका शनिवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या अधीक्षक सरांचा फोन आला. पेट्यांच्या तपासणीत सातवीतल्या एका मुलाच्या पेटीत, घडी केलेल्या चादरीखाली ती बॅटरी सापडली होती. पांढऱ्या टोकाच्या दोन तारा त्याने बरोबर हेरल्या होत्या. त्यांतून एका सेलची वीज घेऊन तो पांघरुणात छोटा दिवा लावून वाचीत असे. दिवा मंद झाला होता. म्हणून त्याने कोणाचा तरी मोडका मोबाइल चार्जर मिळवला होता, त्याची वायर सोलून तांब्याचे केस नीट पिळून ठेवले होते. रविवारी सगळे मैदानावर गेले की व्हरांड्यातील प्लगवर तो जोडायचा त्याचा बेत होता.

मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो. फोनमध्ये मधे एक मंडळ असते, ते सेलला ४.२ च्या आसपास थांबवते. दुचाकीच्या बॅटरीतही असे नियंत्रण असते. विमानाच्या बॅटरीत वजन वाचवण्यासाठी ते बहुधा ठेवलेलेच नसते. सोललेली वायर थेट सेलला लावली तर थांबवणारे कोणी नाही. आणि हा सेल तर आधीच फुगलेला, दिव्याने खेचून तळाला गेलेला. ३ व्होल्टच्या बराच खाली गेलेल्या सेलमध्ये आतले तांबे विरघळू लागते व पुन्हा भरताना नको तेथे साचून आतल्या आत शॉर्ट करते. व्हरांड्याला लागून चाळीस मुलांचे शयनगृह. वळकट्या, मच्छरदाण्या, वाळत घातलेले कपडे.

सरांनी फोनवर आवाज चढवला नाही. ते एवढेच म्हणाले, "मुलाला मी काही बोललो नाही. ही वस्तू हातात कशी धरायची, ते तुम्ही आधी सांगा." तिला टोचू नका, वाकवू नका, तारांची टोके एकमेकांना लागू न देता चिकटपट्टी लावा आणि भिंतींपासून दूर, उघड्यावर मातीच्या कुंडीत ठेवा, एवढे सांगून आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. उमरोळी मागे पडेपर्यंत चौघांपैकी कोणी बोलले नाही.

मुलगा कोपऱ्यात उभा होता. आम्ही त्याला विचारले, हे कोठे शिकलास? तो म्हणाला, "गावी आजोबा सेल उन्हात ठेवतात. इथं ऊन लावलं, पण काही झालं नाही." त्याने ती बॅटरी दोन दिवस गच्चीवर, आमच्याच कठड्यावर ठेवली होती. यावर आम्हाला काही उत्तर सुचले नाही. त्याने जे केले ते आम्ही त्याच्या वयाचे असताना केलेलेच होते. फरक वस्तूत होता, आणि ती वस्तू तेथे ठेवणारे आम्ही होतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वसईला, घरात चार्जिंगला लावलेल्या विजेवरील स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट होऊन सात वर्षांचे मूल भाजले व काही दिवसांनी दगावले, हे पालकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. ती बातमी आम्हीही वाचली होती. बातमी वाचणे निराळे. बोईसर, पालघरच्या कोणत्याही इमारतीत आज जिन्याखाली स्कूटर, उशाला फोन आणि दप्तरात पॉवर बँक आहे, आणि या साऱ्यांच्या पोटात लिथियमच आहे. म्हणून विमानाच्या छंदाशी ज्यांचा संबंध नाही अशांसाठीही थोडे लिहितो.

आता आमच्याकडे चार्जिंग दिवसाच होते, माणूस समोर बसलेला असताना होते. चार्जर फरशीवर, बॅटरी मातीच्या पसरट कुंडीत, कुंडीच्या तळाशी रेती, वर झाकायला रेतीची दुसरी पिशवी तयार. (प्रथम हौसेने चिंचणीच्या किनाऱ्यावरची रेती आणली. ती दमट आणि खारट. विजेच्या वस्तूला अगदी नको ती. मग नदीची रेती उन्हात वाळवून भरली. ऊन शेवटी असे कामी आले.) रेतीने ज्वाला पसरत नाही, एवढेच, आतला दाह तिने शमत नाही आणि विझलेली दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते. म्हणून कुंडी उघड्यावर, आणि पाण्याच्या बादल्या हाताशी. मेन स्विच कोठे आहे हे बसणाऱ्या मुलाला आधी दाखवायचे. २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी असेल तर २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लावायचा नाही. तासाभराचे काम अर्ध्या तासात उरकण्याचा मोह आम्ही मुलांपेक्षा स्वतःलाच आवरायला शिकलो. पांढरे टोक लावल्याशिवाय बटण दाबायचे नाही. विमान उतरल्यावर बॅटरी कोमट असते. ती निवू द्यायची. महिनाभर ठेवायची असेल तर भरून नव्हे, रिकामीही नव्हे, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत तर कधीच नाही. फुगली, चेपली की तिचे आयुष्य संपले. उघड्यावर मोटारसायकलच्या बल्बला जोडून ती सावकाश रिती करायची आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे स्वतः नेऊन द्यायची. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण कपाटाच्या खालच्या फळीवरून त्या आपोआप कोणाकडे जात नाहीत.

त्या मुलाच्या वाचनाचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. दहानंतर दिवे बंद हा नियम आमच्या वेळचाच. सरांनी अभ्यासिकेचा एक दिवा अकरापर्यंत ठेवला. आता तेथे सात-आठ मुले बसतात.

मल्टिमीटर त्याच्याच ताब्यात दिला आहे. प्रत्येक बॅटरीला क्रमांक, प्रत्येक सेलचा आकडा, तारीख, असे तो आखीव वहीत लिहितो. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा नवे विमान पाहायला खालच्या वर्गांची मुले खाचरात जमली होती. त्याने तिसऱ्या क्रमांकाची बॅटरी मोजली: ३.७९, ३.८०, ३.४१. पुन्हा मोजली. तोच आकडा. दुसरी बॅटरी आम्ही आणली नव्हती. हळू प्रवाहावर लावून बघू, एवढे जमले आहेत, असे आमच्यातील एक जण म्हणालाही. त्याने वही मिटली आणि बॅटरी उचलून कुंडीकडे चालू लागला. त्या दिवशी विमान उडाले नाही. मुलांनी क्रिकेट मांडले, आम्ही भोजनगृहात वरणभात जेवलो आणि दुपारच्या गाडीने बोईसरला परतलो.