७२० मिनिटांचा हिशोब

'बझरबीटर' या ऑनलाइन बास्केटबॉल खेळात चेंडू आपल्या हाती कधीच येत नाही. आपण संघाचे मॅनेजर. पाच जागांवर कोण उतरणार, बदली कोण, आक्रमण कसं, बचाव कसा, एवढं सामन्याआधी भरून द्यायचं. सामना सुरू झाला की आपणही प्रेक्षक. त्यामुळे सगळं कसब लाइनअपमध्ये.

नवखा मॅनेजर सर्वांत चांगले पाच गडी निवडतो आणि मोकळा होतो. मुरलेला आधी मिनिटं मोजतो. सामना ४८ मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला २४० मिनिटं. आठवड्याच्या तीन सामन्यांची ७२०. खेळाडू आठवड्यात फार कमी खेळला तर त्याचा गेम शेप, म्हणजे तंदुरुस्ती, घसरतो, फार खेळला तरी घसरतो. साठ-सत्तरच्या आसपास गडी ताजा राहतो. हुकमी सेंटरला एका सामन्यात पूर्णवेळ राबवला, की उरलेल्या दोन्हींत मिळून तो जेमतेम वीस मिनिटं वापरता येतो.

त्यात सरावाची मेख. खेळाडू ज्या जागेवर खेळला, त्या जागेचा सराव त्याला मिळतो. उंच, कोवळ्या सेंटरला पासिंग शिकवायचं तर त्याला पॉइंट गार्ड म्हणून उभं करावं लागतं. समोरचा चपळ गार्ड त्याला वळसा घालून बास्केटमागून बास्केट करतो आणि आपण मुकाट बघतो. पोरगं दोन सीझनांनी तयार होणार असतं. हार मात्र आजच्या तक्त्यात लागते.

खऱ्या मैदानावरही मिनिटांचा हा हिशोब टळत नाही. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी मायामीविरुद्धच्या सामन्याआधीच टिम डंकन, टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली या प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी धाडलं. स्पर्स १००-१०५ असे हरले आणि एनबीएने क्लबला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. तिकीट काढून आलेल्यांचा राग रास्तच होता. पण मॅनेजरच्या नजरेतून बघितलं तर पोपोविच यांनी एक रात्र देऊन सीझनचे पाय राखले होते.

प्रतिस्पर्ध्याचा संघ वाचतानाही मी त्याच्या खेळाडूंचे गुण मागाहून बघतो. आधी बघतो, कोणाची किती मिनिटं खर्ची पडलीत. आणि स्वतःचा आठवडा मांडताना कोणता सामना हरायला परवडेल, ते सर्वांत आधी ठरवतो. तेवढं ठरलं की बाकीची नावं जागेवर बसायला वेळ लागत नाही.