पाटीवर काय लिहावे?

मराठीच्या प्राध्यापकाने धंद्यावर बोलू नये, असे आमच्या घरातले ठाम मत आहे. पालकाच्या जुडीतही मी फसतो, हा त्याचा पुरावा! पण आम्हा मराठीवाल्यांना उद्योगधंद्याची गोडी लागली ती एका मासिकामुळे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली कारखान्यासाठी 'किर्लोस्कर खबर' काढले, आणि पुढे ते घरोघर वाचले जाऊ लागले. त्याचे बोट धरून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांपर्यंत पोचलो.

१८८८ साली बेळगावात या गृहस्थांच्या घरचे सायकलींचे दुकान होते. मग कडबा कापण्याचे यंत्र आले, १९०३ साली लोखंडी नांगर, १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी आणि १९२६ साली पाण्याचे पंप. वरवर पाहता नुसती धरसोड! पण सायकली वगळल्या, तर या साऱ्या यंत्रांचे गिऱ्हाईक एकच: शेतकरी. तेही सहज वश होणारे नव्हे. लोखंडाने जमिनीला विष चढते, या समजुतीपायी पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. तरी त्यांनी गिऱ्हाईक बदलले नाही.

हे सारे मी आमच्या कळंबात, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लोहारकामाच्या दुकानात बसून सांगत होतो. दुकान माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे. म्हणजे खरे त्याच्या वडिलांचे. वखर आणि डवरे करण्यात दोन पिढ्या गेल्या. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. मुलाला नवी पाटी हवी होती आणि मजकूर माझ्याकडून. त्याची यादी तयारच होती: अवजारे, गेट, ग्रिल, मंडप भाड्याने, मोबाईल रिचार्ज, कोल्ड्रिंक. कोल्ड्रिंक कशाला? तर चतुर्थीला देवाला गर्दी होते. ऐरणीच्या जागी फ्रीज यायचा होता, बयाणाही दिलेला!

मी लिहून दिले: 'शेतीची अवजारे. नवी व दुरुस्त.' ट्रॅक्टरचे अवजार मोडले तरी मोडते शेतकऱ्याचेच. आणि उभ्या कपाशीच्या तासांतून डवरा फिरवायला अजून बैलजोडी लागतेच. मुलाचा चेहरा उतरला. वडील इतका वेळ गप्प होते.

"सर, नांगर दोन सालं खपले नाई म्हणता, तं त्याईची चूल कशी पेटे?"

प्रश्न बिनतोड होता. नांगराआधीचे कडबायंत्र होते ना, मी म्हणालो.

"मंग आपले गेट-ग्रिल राहू द्या. उन्हायात तेच पोट भरते."

राहू द्या, म्हटले. हाताने करा, पाटीवर नको. हा भेद मुलाला पटायला दोन वेळा चहा सांगावा लागला. बयाणा बुडाला. ऐरण आहे तिथेच आहे, आणि तिच्याशेजारी तो आता रोटाव्हेटरची दुरुस्ती शिकतो आहे.