नाव नसलेले फोटो

आमच्या घरात फोटोंचा मुक्काम सतत हलता राहिला. आधी लोखंडी ट्रंक. तीत काळ्या पानांचे अल्बम आणि बटरपेपरच्या पाकिटांतले निगेटिव्ह. कोकणातल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरायची, म्हणून पाऊस सरला की बाबा सगळं वाऱ्यावर पसरून ठेवत. मग १.४४ एमबीच्या फ्लॉप्या आल्या, त्यांत बरासा फोटो मावायची मारामार. त्यामागून ७०० एमबीच्या सीड्या. शेवटी सगळं स्कॅन होऊन राउटरशेजारच्या एका नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीत, गेलं. घरात त्याला कुणी नॅस म्हणत नाही, ‘डबा’ म्हणतात.

डब्यात दोन डिस्क होत्या, एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवर उमटायचं. ही रेड नावाची युक्ती बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात मांडली आणि तिचं नाव रूढ केलं. युक्ती चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर लोक नको इतके निर्धास्त होतात. एक डिस्क मेली तर दुसरी तारते, हे खरं. पण चुकीचं काही लिहिलं गेलं, तर तेही तितक्याच इमानानं दोन्हीकडे उतरतं.

एका पावसाळ्यात विजेच्या चढउतारात डबा बंद पडला. एक डिस्क टकटक आवाज करू लागली. दुसरी धडधाकट, पण तिची फाइल सिस्टिम मोडलेली. विंडोजला जोडली तर तो फॉरमॅट करू का विचारतो. अशा डब्यांतल्या डिस्क बहुधा लिनक्सच्या पद्धतीनं मांडलेल्या असतात, विंडोजला त्या वाचताच येत नाहीत. तिथे ‘नाही’ म्हणायचं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले.

फोटोरेक हा प्रोग्राम फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. तो कच्चा डेटा चाळत जातो आणि जेपेगच्या सुरुवातीची ठरावीक खूण दिसली की तिथून फोटो उचलतो. नावं आणि फोल्डर यांची नोंद मात्र वेगळ्या जागी असते. जमीन जागेवर, सातबारा गहाळ! हजारो फोटो परत आले आणि सगळ्यांची नावं म्हणजे ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडे. काही अर्धेच, खालून करड्या पट्ट्याचे. मोठे व्हिडिओ बहुतेक तुकड्यांत गेले.

डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोंची तारीख फाइलच्या पोटातच असते, त्यामुळे ते निस्तरले. तरी सेल संपून घड्याळ मागे गेलेल्या कॅमेऱ्यानं अख्खी सहल १ जानेवारी २००० ला घडवून आणली होती. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंकडे तेवढाही पुरावा नव्हता. ते आईपुढे ठेवले. ती चेहऱ्यांकडे नंतर बघते. आधी साडी, भिंतीचा रंग, ओट्यावर स्टोव्ह आहे की गॅस. ‘गॅस आलाय, म्हणजे तुझी मुंज झाली होती.’ इतकी चोख तारीख मला कुठल्याच सॉफ्टवेअरनं दिली नाही.

एका कृष्णधवल फोटोवर मात्र अजून एकमत नाही. देवळाच्या पायऱ्यांवर आजोबा, अंगभर काहीतरी उधळलेलं. आई म्हणते जेजुरीचा भंडारा, आत्या म्हणते जोतिबाचा गुलाल. फोटोत पिवळं आणि गुलाबी सारखंच राखाडी. मी फाइलला ‘जेजुरी किंवा जोतिबा’ असं नाव दिलंय. आत्याला त्यातला क्रम मान्य नाही.